स्विच रीस्टार्ट करण्याआधी थांबा : ट्रॅफिकचे आकडे, अलार्म आणि लॉग कसे वाचायचे

सोमवारी सकाळचे साडेदहा. पतसंस्थेचा हॉल भरलेला, पासबुक छापून घ्यायला रांग लागलेली आणि कॅशियरच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. "सिस्टिम हँग झालीय," असं कुणीतरी म्हणतं. शिपाई सवयीनं रॅकपाशी जातो, स्विचची पिन काढतो, दहा आकडे मोजतो आणि परत लावतो. चार-पाच मिनिटांत सगळं सुरू. सगळे खूश. गुरुवारी पुन्हा तेच.

महिनाभर असं चाललं की हार्डवेअरवाला येतो, वरवर बघतो आणि "स्विच गेला, बदलून टाकू" म्हणतो. नवा स्विच येतो, बिल मंजूर होतं आणि पुढच्या आठवड्यात परत चक्र फिरायला लागतं. कारण दोष स्विचमध्ये नव्हताच. तो जिन्याखालून ओढलेल्या, कुणाच्या तरी टेबलाच्या पायाखाली चेपलेल्या केबलमध्ये होता. जुना स्विच ही गोष्ट रोज लिहून ठेवत होता. फक्त ते लिखाण त्याच्या तात्पुरत्या मेमरीत होतं, आणि दर वेळी पिन काढली की पुसलं जात होतं.

निपाणीतली शाळा असो, बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री असो, म्हापशातलं हॉटेल असो की इंदूरमधले क्लासेस, आज प्रत्येक ठिकाणी कुठल्यातरी कपाटात एक स्विच गुरगुरत असतो. त्याच्याकडं लक्ष जातं ते तो अडला की. बंद करून चालू करणं हा उपाय कधीकधी लागतोही, पण तो पुरावा पुसून टाकणारा उपाय आहे. म्हणून आधी काय वाचायचं, कसं वाचायचं आणि त्याचा अर्थ काय लावायचा, ते या लेखात सविस्तर बघू.

तुमचा स्विच बोलका आहे का?

बाजारात दोन जातीचे स्विच मिळतात. एक अनमॅनेज्ड, म्हणजे केबल लावा आणि विसरा. त्याला ना पासवर्ड, ना स्क्रीन. तो काही सांगत नाही, विचारायची सोयही नाही. दुसरा मॅनेज्ड. ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकला की पान उघडतं, किंवा कन्सोल केबल लावून त्याच्याशी थेट बोलता येतं. मधला एक 'स्मार्ट' नावाचा प्रकार असतो. त्यात पोर्टचे आकडे बहुधा दिसतात, लॉगचं मात्र मॉडेलवर अवलंबून.

दहा-बारा मशीन असलेल्या ऑफिसात पैसे वाचवायला अनमॅनेज्ड घेतात, त्यात चूक नाही. पण जिथं मुख्य लाइन येते, सर्व्हर आहे किंवा दुसऱ्या मजल्याला जोड जातो, तिथला एक तरी स्विच मॅनेज्ड हवा. घरात दहा बल्ब असले तरी मीटर एकच लागतो, पण तो लागतोच.

पुढची उदाहरणं सिस्कोच्या कॅटॅलिस्ट मालिकेतल्या स्विचवरून घेतली आहेत, कारण ट्रेनिंग क्लासमध्ये बहुतेकांनी तोच हाताळलेला असतो. इतर कंपन्यांचे मेनू वेगळे, पण आतली पद्धत ठरलेल्या मानकांवरच चालते, त्यामुळं वाचायची रीत एकच.

स्विच तीन प्रकारे माहिती ठेवतो. एक, मीटर : प्रत्येक पोर्टवरून किती माल गेला-आला आणि त्यातला किती खराब निघाला. दोन, घंटा : काही मर्यादेबाहेर गेलं की वाजणारा अलार्म. तीन, रोजकीर्द : कधी काय घडलं याची वेळेसह ओळ, म्हणजेच लॉग. तिन्हींचा अर्थ वेगवेगळा असतो. एक बघून दुसऱ्याचा निष्कर्ष काढला की फसगत होते.

मीटरचा नुसता आकडा काही सांगत नाही

विजेचं बिल काढायला येणारा माणूस मीटरवर ४८,२१० बघून तेवढ्या युनिटचं बिल देत नाही. तो मागच्या महिन्याचा आकडा वजा करतो. स्विचच्या पोर्टचे आकडे अगदी तसेच. ते स्विच सुरू झाल्यापासून किंवा कुणीतरी शून्य केल्यापासून वाढतच असतात. 'शो इंटरफेसेस' ही आज्ञा दिली की एक ओळ दिसते, आकडे शेवटचे कधी पुसले त्याची. तिथं 'नेव्हर' असेल तर समोर दिसणाऱ्या चुका दीड वर्षापूर्वीच्याही असू शकतात.

म्हणून वाचन नेहमी दोनदा घ्यायचं. दहा वाजता एक, सव्वादहाला दुसरं, आणि फरक बघायचा. समजा पाच मिनिटांत, म्हणजे ३०० सेकंदांत, एका पोर्टवरून बाहेर गेलेल्या बाइटमध्ये १५० कोटींचा फरक आला. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे १,२०० कोटी बिट. भागिले ३००, म्हणजे सेकंदाला ४ कोटी बिट, अर्थात ४० एमबीपीएस. पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर तो ४० टक्के वापरात आहे, आणि १ जीबीपीएसचा असेल तर फक्त ४ टक्के. आकडा तोच, पण दोन्ही ठिकाणी अर्थ वेगळा.

'इन' आणि 'आउट' हेही स्विचच्या बाजूनं वाचायचं. कॅशियरच्या पीसीला लागलेल्या पोर्टवर 'इन' म्हणजे पीसीकडून स्विचमध्ये आलेलं, म्हणजे त्या पीसीचं अपलोड. पीसीनं काही डाउनलोड केलं तर 'आउट' वाढतं. नवशिके इथं हमखास उलटं लिहितात. रात्री दोन वाजता एखाद्या पीसीच्या पोर्टवर 'इन' भरमसाट वाढलेलं दिसलं तर एक तर बॅकअप चालू आहे, नाहीतर ते मशीन कुणाच्या तरी ताब्यात गेलंय. ती चौकशी त्याच दिवशी करायची.

जुन्या पद्धतीच्या काउंटरची एक खोड लक्षात ठेवा. ते ३२ बिटांचे असतात. ४२९ कोटींच्या थोडं पुढं, नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की मीटर परत शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर हे पावणेसहा मिनिटांत घडतं, आणि १ जीबीपीएसची असेल तर फक्त ३४ सेकंदांत. पाच-पाच मिनिटांनी आकडा घेणारं सॉफ्टवेअर मधल्या काळात मीटर किती वेळा फिरला हे ओळखूच शकत नाही. आलेखावर मग लाइन रिकामी दिसते आणि इकडं लोक ओरडत असतात. उपाय सोपा आहे. मॉनिटरिंगमध्ये ६४ बिटांचे काउंटर निवडा. आजचे बहुतेक मॅनेज्ड स्विच ते देतात. एसएनएमपीच्या सगळ्यात जुन्या, पहिल्या आवृत्तीवर मात्र ते मिळत नाहीत, दुसरी किंवा तिसरी लागते.

आणखी एक गोष्ट. 'क्लिअर काउंटर्स' ही आज्ञा दिली की सिस्कोच्या स्विचवर स्क्रीनवरचे आकडे शून्य होतात, पण एसएनएमपीनं बाहेरून वाचले जाणारे होत नाहीत. त्यामुळं स्क्रीन आणि आलेख जुळत नाहीत म्हणून घाबरू नका.

खराब मालाचा हिशेब

ट्रॅफिक किती हे कळणं ठीक. पण 'नेट स्लो आहे' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा खालच्या ओळींत असतं, जिथं चुका मोजलेल्या असतात.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा सीआरसीचा. इथरनेटवर माल जातो तो फ्रेम नावाच्या पुडक्यांतून. प्रत्येक पुडकं साधारणपणे ६४ ते १,५१८ बाइटांचं, आणि शेवटचे ४ बाइट पडताळणीचे. पाठवणारा आतल्या मजकुरावरून एक हिशेब करून तो शेवटी चिकटवतो, घेणारा तोच हिशेब पुन्हा करतो. जुळला नाही तर पुडकं गुपचूप फेकून देतो आणि सीआरसीचा आकडा एकानं वाढवतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही. वरच्या पातळीवरचा टीसीपी मात्र थोडी वाट बघतो, पोच आली नाही म्हणून पुन्हा पाठवतो. ही वाट बघणं म्हणजेच तुमच्या स्क्रीनवर फिरणारं चक्र. म्हणून केबल खराब असली तरी नेट 'बंद' होत नाही, 'स्लो' होतं. आणि म्हणूनच दोष केबलवर न जाता सॉफ्टवेअरवर, सर्व्हरवर, नाहीतर बिचाऱ्या स्विचवर जातो.

दहा वाजता सीआरसी १८,४१२ होता आणि सव्वादहालाही १८,४१२ आहे, तर तो जुना इतिहास, सोडून द्या. तोच १८,९६० झाला तर पंधरा मिनिटांत ५४८ पुडकी फेकली गेली, म्हणजे रोग आत्ता चालू आहे. चांगल्या केबलवर हा आकडा हलत नाही. केबल काढली-लावली तेव्हा एखाददुसरा वाढला तर त्याचं काही नाही.

सीआरसी वाढताना दिसला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, कारण त्याच सगळ्यात जास्त वाकवल्या जातात. मग स्विचवरचा पोर्ट. मग पीसीचं नेटवर्क कार्ड. शेवटी भिंतीतली केबल. एकदम सगळं बदललं तर बरं होईल, पण कशानं झालं ते कळणार नाही. फाउंड्रीत किंवा वर्कशॉपमध्ये नेटवर्कची केबल मोटरच्या पॉवर केबलला बांधून नेलेली आहे का, तेही बघा. मशीन सुरू झालं की चुका वाढतात आणि जेवणाच्या सुट्टीत थांबतात, असं दिसलं तर उत्तर मिळालंच. तांब्याच्या केबलची हद्द १०० मीटर आहे. अंगण ओलांडून, गोडाऊनला वळसा घालून नेलेल्या केबली ही हद्द कधी ओलांडतात ते मालकालाही कळत नाही.

दुसरा गुन्हेगार म्हणजे डुप्लेक्सचा मेळ नसणं. एका टोकाला कुणीतरी हातानं 'फुल डुप्लेक्स' पक्कं करून ठेवलेलं आणि दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरून बोलणी करणारं कुणी सापडत नाही, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर तो 'हाफ' धरून बसतो. मग हाफ बाजूला लेट कोलिजन वाढतात, फुल बाजूला सीआरसी आणि ६४ बाइटांपेक्षा छोटी अर्धवट पुडकी, ज्यांना रंट म्हणतात. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी ठेवले की निदान मिनिटात होतं, एकाच टोकाचे बघितले तर दिवसभर केबली बदलत बसाल. कामाचं प्रमाण कमी असताना ही लाइन छान चालते आणि गर्दी झाली की कोलमडते, त्यामुळं सकाळी आठला येऊन तपासणारा माणूस 'सगळं ओके' सांगून जातो.

स्पीडकडंही लक्ष द्या. १ जीबीपीएसला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसचं दोन जोड्यांवर भागतं. क्रिम्पिंगमध्ये एक तार सैल राहिली की कित्येक उपकरणं आपोआप १०० वर उतरतात आणि चालत राहतात. चूक कुठंच दिसत नाही, फक्त स्पीडच्या ओळीत १,००० च्या जागी १०० असतं.

आउटपुट ड्रॉप मात्र वेगळी भानगड आहे. त्यात माल खराब नसतो. बाहेर जायची वाट अरुंद आणि मागून येणारा लोंढा मोठा, म्हणून रांगेत जागा उरत नाही आणि पुडकी टाकली जातात. इथं केबल बदलून काही होत नाही. नेहमीचं उदाहरण सीसीटीव्हीचं. १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, म्हणजे ६४ एमबीपीएस सतत. ते सगळे १०० एमबीपीएसच्या एकाच जोडावरून रेकॉर्डरकडं जात असतील आणि त्याच वाटेवर ऑफिसचं कामही असेल, तर ड्रॉप होणारच. आणि सरासरीवर विसंबू नका. सिस्कोच्या स्क्रीनवरचा दर मुळात पाच मिनिटांची सरासरी असतो. दोन सेकंद लाइन तुडुंब भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली तर सरासरी सज्जन दिसते, ड्रॉपचा आकडा मात्र वाढलेला असतो. सरासरीचा काळ ३० सेकंदांवर आणता येतो, तेवढा आणाच.

फायबरचा जोड असेल तर मॉड्यूलमधला प्रकाश मोजता येतो. तो डीबीएम या एककात, उणे चिन्हासह दिसतो. तीनानं खाली उतरला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. बसवला त्या दिवशीचा आकडा कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी तो हळूहळू घसरलेला दिसला तर टोकावर धूळ आहे किंवा केबल कुठंतरी नको तेवढी वाकली आहे. लाइन तुटायच्या आधी हे कळतं.

एक खेळ आणखी सांगायला हवा. साफसफाई करताना लोंबकळणारी पॅच कॉर्ड दिसते, कुणीतरी चांगल्या मनानं तिचं मोकळं टोक रिकाम्या भोकात खोचतं आणि दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये जातात. इथरनेटच्या पुडक्याला आयुष्याची मर्यादा नसते, ते गोल गोल फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत वाढतं. सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे लुकलुकतात, ब्रॉडकास्टचा आकडा डोळ्यांदेखत पळतो आणि अख्खं ऑफिस ठप्प. हे थोपवणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली. मॅनेज्ड स्विचमध्ये ती असते, स्वस्त अनमॅनेज्डमध्ये सहसा नसते. अशा वेळी स्विच बंद-चालू करून काडीचा फायदा नाही. एकच मशीन कधी या पोर्टवर तर कधी त्या पोर्टवर दिसतंय, अशी 'मॅक फ्लॅप'ची ओळ लॉगमध्ये येते. तिच्यात दोन पोर्टांचे नंबर असतात. त्यातल्या एकाच्या मागं ती दोरी सापडते.

घंटा कधी वाजवायची

माणूस दिवसभर आकडे बघत बसू शकत नाही, म्हणून अलार्म. ते दोन तऱ्हेनं येतात. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर ठरावीक वेळानं स्विचला विचारतं, हे पोलिंग. एसएनएमपीचे प्रश्न यूडीपीच्या १६१ पोर्टवर जातात. किंवा काही घडलं की स्विच स्वतः हाक मारतो, ती ट्रॅप, आणि ती १६२ वर येते. पोर्ट बंद पडला, पोर्ट सुरू झाला, स्विच नव्यानं उठला, कुणी चुकीच्या परवलीनं एसएनएमपीनं माहिती मागितली, हे ठरलेले ट्रॅप बहुतेक सगळ्या स्विचमध्ये मिळतात.

दोन्ही लागतात. कारण ट्रॅप एकदाच पाठवली जाते, पोच मागत नाही, वाटेत हरवली तर हरवली. आणि मुख्य जोडच तुटला असेल तर "जोड तुटला" हा निरोप त्याच तुटलेल्या जोडावरून कसा येणार? म्हणून विचारल्यावर उत्तर न येणं हाही अलार्म धरायचा.

अलार्म लावताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळंच लावणं. संध्याकाळी सहाला ऑफिस सुटतं, तीस पीसी बंद होतात आणि सिस्टिम बघणाऱ्याच्या मोबाइलवर तीस मेसेज येतात. चौथ्या दिवशी तो मेसेज म्यूट करतो. पाचव्या दिवशी सर्व्हरचा पोर्ट जातो. साध्या टेबलावरच्या पोर्टचे ट्रॅप बंद करा. सर्व्हर, एटीएम, राउटर, मजल्या-मजल्यांचे जोड आणि रेकॉर्डर, एवढ्यांचेच ठेवा.

मर्यादा ठेवतानाही एकच आकडा नको. ८० टक्क्यांवर अलार्म लावला आणि वापर ७९ ते ८१ मध्ये खेळत राहिला तर घंटा वाजतच राहील. यासाठी आरमॉन या मानकात दोन मर्यादांची सोय आहे. वर जाताना ८० ला वाजेल, आणि खाली ६० पर्यंत उतरल्याशिवाय पुन्हा वाजणार नाही. शिवाय 'डेल्टा' हा पर्याय निवडला तर एकूण आकडा नाही, मधल्या काळातला फरक तपासला जातो. सीआरसीसाठी डेल्टाच हवा, नाहीतर दीड वर्षापूर्वीच्या चुकांवर आज घंटा वाजेल.

तापमान, पंखा आणि पॉवर सप्लाय यांचे अलार्म आपल्याकडं फारच दुर्लक्षित. फाउंड्रीच्या भागात काळी भुकटी पंख्यात बसते, गोव्याकडं खारी हवा संपर्क खाते, आणि सगळीकडं स्विच ठेवलेला असतो तो बिनहवेच्या लाकडी कपाटात, वर जुन्या फायलींचा गठ्ठा. दुपारी तीननंतरच अडतो आणि सकाळी ठणठणीत असतो, असा स्विच दिसला तर 'शो एन्व्हायर्नमेंट' बघा. कपाटाचं दार उघडं ठेवून दोन दिवस पाहणं हा फुकटचा प्रयोग आहे.

केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच असेल तर विजेचं बजेट तपासा. जुन्या मानकानुसार एका पोर्टला १५.४ वॉट. २४ पोर्टचे होतात ३६९.६, म्हणून ३७० वॉटचे स्विच मिळतात. पण त्यावर ३० वॉट मागणारी उपकरणं लावत गेलात तर तेराव्यालाच बजेट संपू शकतं. मग शेवटी लावलेला कॅमेरा उठत नाही आणि दोष कॅमेऱ्याला जातो. खरं उत्तर अलार्ममध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं.

रोजकीर्द वाचायची कशी

लॉग लिहिण्याची सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेलच्या सॉफ्टवेअरसाठी केली आणि पुढं सगळ्यांनीच उचलली. तिचं आजचं मानक २००९ चं आहे. प्रत्येक ओळीला गांभीर्याचा अंक असतो, शून्य ते सात. इथं लोक उलटं समजतात. अंक जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी राहिलेली नाही, १ म्हणजे ताबडतोब धावा, २ अतिगंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ सामान्य पण नोंद घेण्याजोगं, ६ माहितीपुरतं, आणि ७ म्हणजे दुरुस्तीवेळची बारीकसारीक बडबड.

सिस्कोची ओळ टक्क्याच्या चिन्हानं सुरू होते : 'लिंक-३-अपडाउन'. पहिला शब्द विभाग, मधला अंक गांभीर्य, शेवटचा शब्द घटना, आणि पुढं पोर्टचा नंबर. 'सिस-५-कॉन्फिग' अशी सुरुवात दिसली तर कुणीतरी सेटिंगच्या खोलीत जाऊन आलं. कोणत्या खात्यानं आणि कुठून, हेही बहुधा पुढं लिहिलेलं असतं. शनिवारी रात्री नेट गेलं आणि त्याआधी दोन मिनिटं ही ओळ असेल, तर केबल शोधत बसू नका, माणूस शोधा.

आता वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. घड्याळ लावलं नसेल तर सिस्कोचे कित्येक स्विच दर वेळी उठल्यावर १ मार्च १९९३ पासून वेळ मोजायला लागतात. लॉगमध्ये '१ मार्च' दिसतं आणि ओळीच्या आधी एक चांदणी असते. ती चांदणी म्हणजे स्विच स्वतःच सांगतोय की या वेळेवर भरवसा ठेवू नका. स्विचचं घड्याळ एनटीपीनं जुळवा आणि टाइमझोन लावा. एक उपकरण भारतीय वेळेवर आणि दुसरं यूटीसीवर राहिलं की साडेपाच तासांचा घोळ होतो. रात्री दहाची घटना एका नोंदीत दुपारी साडेचारची दिसते, आणि त्या वेळी ड्युटीवर असलेल्या भलत्याच माणसाला जाब विचारला जातो.

दुसरा प्रश्न जागेचा. सिस्कोच्या अनेक स्विचमध्ये लॉगसाठी मुळात ४,०९६ बाइटच ठेवलेले असतात. एका ओळीला शंभरेक बाइट धरले तर चाळीस ओळी. एखादा पोर्ट बंद पडून परत सुरू झाला की चार ओळी येतात. म्हणजे एक सैल केबल दहा वेळा हलली की त्याआधीचं सगळं पुसलं गेलं. ही जागा वाढवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लॉग बाहेर पाठवा. एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून तिथं सिसलॉग सर्व्हर चालवला तरी पुरतं. यूडीपीच्या ५१४ पोर्टवर स्विच ओळी पाठवत राहतो. मग पिन काढली, वळवाच्या पावसात वीज गेली किंवा स्विच खरोखरच जळाला, तरी शेवटची ओळ दुसरीकडं शिल्लक असते. आलेखासाठी लिब्रेएनएमएस, झॅबिक्स, कॅक्टी यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत. एसएनएमपीचा 'पब्लिक' हा ठरलेला परवलीचा शब्द मात्र पहिल्या दिवशी बदला, आणि जमेल तिथं तिसरी आवृत्ती वापरा. आधीच्या दोन आवृत्त्यांत तो शब्द उघडाच वाहत असतो.

लॉग जपणं आता फक्त सोयीचं राहिलेलं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालयांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. ठरवून दिलेले सायबर प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे, आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, हेही त्यात आहे. छोट्या-मध्यम उद्योगांना तयारीसाठी दिलेली मुदत २५ सप्टेंबर २०२२ ला संपली. हा नियम केंद्राचा, त्यामुळं कार्यालय कर्नाटकात, गोव्यात की मध्य प्रदेशात, यानं फरक पडत नाही.

पिन काढण्याआधीची पाच मिनिटं

परत साडेदहाच्या रांगेकडं येऊ. लोक ओरडतायत, मॅनेजर मागं उभे आहेत. अशा वेळी लॅपटॉप जोडा आणि स्क्रीनवर येणारं सगळं फाइलमध्ये साठवायचा पर्याय आधी चालू करा. मग 'शो क्लॉक', म्हणजे स्विचची वेळ आणि तुमच्या मोबाइलची वेळ यातला फरक नोंदला जाईल. मग 'शो लॉगिंग'. मग 'शो इंटरफेसेस', आणि दोन मिनिटांनी पुन्हा एकदा तेच, कारण एका वाचनातून फरक निघत नाही. पीओई असेल तर 'शो पॉवर इनलाइन'. शेवटी 'शो व्हर्जन', ज्यात स्विच किती वेळ चालू आहे आणि मागच्या वेळी कशामुळं उठला ते असतं. तिथं 'पॉवर-ऑन' लिहिलेलं असेल तर वीज गेली होती किंवा कुणीतरी पिन काढली होती.

एवढं झालं की मग खुशाल रीस्टार्ट करा. ग्राहक ताटकळत ठेवून संशोधन करायचं नाही. फाइल हातात आहे, ती दुपारी वाचता येते. हार्डवेअरवाल्याला बोलावलं तर ती फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि "कोणत्या पोर्टवर, कोणता आकडा, किती वेळात किती वाढला?" एवढंच विचारा. जाणकार असेल तर त्याचं काम सोपं होईल. नसेल तर नव्या स्विचचं कोटेशन थोडं लांबेल.

आणि एखाद्या निवांत शनिवारी प्रत्येक पोर्टला नाव द्या. स्विचमध्ये 'डिस्क्रिप्शन'ची सोय असते, फुकट. काउंटर दोन, एटीएम, वरचा मजला, जिन्याखालची केबल. पोर्ट १७ वर सीआरसी वाढतोय असं लॉगमधून कळलं, तरी १७ नंबरची वायर कुठं जाते हे ठाऊक असलेला माणूस त्या दिवशी रजेवर असतो.